घंटावाडीचा काल्पनिक इतिहास

मी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं आणि त्याने माझ्या वस्तीचं वाटोळं केलं. पुस्तक कसलं, अठ्ठेचाळीस पानांची स्मरणिका. पण तिच्यात एकही तारीख चुकलेली नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. आता सांगता येत नाही. का, ते पुढे येईलच.

आमची घंटावाडी पारनेर तालुक्यात, पिंपळदऱ्यापासून दीड किलोमीटरवर, माळावर. एकोणीस घरं, एक कडुनिंब आणि एक देऊळ. आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. बाहेरच्याला याची गंमत वाटते, आम्हाला नाही वाटत. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, आत सतरंजीवर चाळीस माणसं दाटीवाटीने बसतात. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, निंबाच्या फांदीला तारेने टांगलेला. १८९७च्या दुष्काळात आमचे पूर्वज खडी फोडायला गेले होते, तिकडून येताना त्यांनी तो आणला. कुणी दिला की यांनी उचलला याचा पुरावा मला मिळाला नाही, म्हणून पुस्तकात मी ‘आणला’ एवढंच लिहिलं. मी असा माणूस आहे. बायको म्हणायची, तुमच्याशी भांडायचं तर आधी तारीखवार टिपण काढावं लागतं.

तो रूळ रविवारी उपासनेला वाजायचा आणि कुणी गेलं की वाजायचा. गेलेल्या माणसाचं जेवढं वय तेवढे ठोके. ठोका कमी पडला तर मेलेल्याचं एक वर्ष खाल्लं, असं आमच्याकडे मानतात. वाजवण्याचं काम रंगुबाईकडे. आधी तिच्या सासूकडे होतं. रंगुबाईला विसाच्या पुढे मोजता येत नाही. त्यामुळे वस्तीत कुणी गेलं की ती हातात लोखंडी बोल्ट घेऊन आधी माझ्या दारात यायची. “मास्तर, किती?” मी वय सांगायचो आणि निंबाखाली तिच्याशेजारी उभा राहून मोजायचो. माझी मनकर्णा गेली तेव्हाचे एकसष्ट ठोकेही मीच मोजले. मधे एकदा हुंदका आला, पण आकडा चुकू दिला नाही.

देवळाला सव्वाशे वर्षं होणार म्हणून पंचांनी इतिहास लिहायला सांगितला. दुसरं कोण लिहिणार? चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, वस्तीतला पहिला शिकलेला मी. दोन वर्षं घासली. देवळातल्या पत्र्याच्या ट्रंकेत बाप्तिस्म्याचं रजिस्टर होतं, वाळवीने कडा खाल्लेलं. त्यातलं नाव नि नाव उतरवून काढलं. पण एक अडचण होती. आमच्याकडे प्रत्येकाला दोन नावं. बाप्तिस्म्याला रूबेन, मार्था, याकोब. शाळेत घालताना रंगनाथ, मनकर्णा, रामभाऊ. शाळेच्या दाखल्यावर जात ‘हिंदू महार’. माझ्या आज्यापासून हे असंच चाललंय. एक नाव देवाच्या दप्तरी, एक सरकारच्या.

याला कुणी लबाडी म्हणेल. म्हणो. महार होतो तेव्हा गावाने विहिरीवरून हाकललं आणि ख्रिस्ती झाल्यावरही हाकललंच. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आमची जात धुतली गेली नाही, अनुसूचित जातीची सवलत तेवढी धुतली गेली. म्हणून आमच्या शहाण्या माणसांनी दोन दप्तरं वेगळी ठेवली आणि एकमेकांना भेटू दिली नाहीत.

ती भेट मी घडवून आणली. मला वाटलं, उद्याच्या पोरांना रजिस्टरातली रूथ कोण आणि याकोब कोण हे कसं कळणार? माणसं कागदात हरवतील. म्हणून प्रत्येक बाप्तिस्म्याच्या नावापुढे मी कंसात शाळेचं नाव घातलं. एकोणीस घरं, पाच पिढ्या. कुणाला विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही, इतका मी त्या कामात रंगलो होतो.

आणखी एक शहाणपण केलं. आमची नऊ गुंठे जागा पिंपळदऱ्याच्या कोंडीराम पाटलांनी १८९८ साली दिलेली. दिली ती दयेपोटी नव्हे. आम्ही गावाजवळून उठून माळावर जावं म्हणून दिली. तो मोडीतला कागद मी नगरहून वाचून आणला आणि चौदाव्या पानावर अक्षरशः छापला. त्यात कोंडीरामांची अट होती, ‘जागेवर ख्रिस्ती मंडळीची उपासना चालेल तोवर जागा मंडळीची, उपासना बंद पडल्यास जागा आमच्या वंशजांकडे परत यावी.’ केवढी ऐतिहासिक वस्तू, असं मला वाटलं होतं.

५ फेब्रुवारी २०२३, रविवार. मांडव, स्पीकर, मटणाचं जेवण. कोंडीराम पाटलांचे खापरपणतू कल्याण पाटील यांना शाल-श्रीफळ देऊन स्मरणिकेची पहिली प्रत दिली. आमची माणसं फोटो बघून पुस्तक कपाटावर ठेवती झाली. कल्याणरावांनी मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. लेखकाला असा एक तरी वाचक मिळावा म्हणतात.

त्याच्या दोनच महिने आधी आमची जयमाला पिंपळदऱ्याची सरपंच झाली होती. जयमाला माझ्या चुलतभावाची, रामभाऊची मुलगी. छत्तीस वर्षांची, आवाज खणखणीत, कुणाच्या बापाला न भिणारी. सरपंचपद अनुसूचित जातीच्या स्त्रीला राखीव निघालं. कल्याणरावांनी आपल्या शेतावरच्या एका बाईला उभं केलं होतं, म्हणजे खुर्ची तिची आणि कारभार यांचा. जयमालाने तिला पाडलं आणि तीन महिन्यांत घंटावाडीला नळ आणला. सव्वाशे वर्षांत पहिल्यांदा आमच्या दारात पाणी आलं. रंगुबाई नळाखाली हात धरून नुसती उभी राहिली होती.

मे महिन्यात जात पडताळणी समितीचं पत्र आलं. जयमाला ख्रिस्ती आहे, तिचा अनुसूचित जातीचा दाखला रद्द करावा, अशी तक्रार. सोबत पुरावा म्हणून माझ्या पुस्तकाच्या एकतिसाव्या पानाची झेरॉक्स. ‘रूथ (जयमाला), वडील याकोब (रामभाऊ), बाप्तिस्मा ईस्टर रविवार, १९ एप्रिल १९८७.’

ती कागद घेऊन माझ्याकडे आली. ओरडेल वाटलं होतं, ओरडली नाही. ओट्यावर बसली आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “तात्या, ही कंसातली नावं कशाला टाकली?”

“माणसं हरवू नयेत म्हणून,” मी म्हणालो.

“आता गावलो की समदी.”

तिने माझ्याच घरात जाऊन माझ्यासाठी चहा केला, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

नगरच्या वकिलांनी समजावून सांगितलं. जयमालाचा दाखला गेला तर रक्ताच्या नात्यातले सगळे दाखले तपासले जातील. घंटावाडीत रक्ताचं नातं नाही असं घरच नाही. माझा नातू ओम पोलीस भरतीत निवडला गेला होता, वस्तीतली निकिता नर्सिंगला होती, दोघे एसटीत, एक तलाठी. एक वीट निघाली की भिंत बसणार. उपाय एकच, वकील म्हणाले. रजिस्टरात नुसतं रूथ आहे. रूथ म्हणजे जयमाला हे फक्त पुस्तक म्हणतं. तेव्हा पुस्तक खोटं ठरवा, आणि वस्तीत ख्रिस्ती कुणी नाही असं प्रत्येक घराने शपथेवर लिहून द्या.

बैठक देवळातच भरली, दुसरी जागा होती कुठे? सवयीप्रमाणे पंचांनी आधी प्रार्थना केली. मग ठरलं की इथे प्रार्थना होत नाही असं लिहून द्यायचं. कुणी हसलं नाही. रंगुबाईने तेवढं विचारलं, “देवाला बी सांगावं लागंल का, की हे कागदापुरतं हाय?”

शपथपत्रात तीन वाक्यं होती. आमचं कुटुंब परंपरेने हिंदू महार आहे. सदर इमारत पूर्वी शाळेची असून तिथे ख्रिस्ती उपासना होत नाही. स्मरणिकेतील मजकूर काल्पनिक आहे. अठरा घरांच्या सह्या दोन दिवसांत झाल्या. पहिली दोन वाक्यं मीही गिळली असती, तिसरं घशात अडकलं. दोन वर्षं नगरला एसटीने हेलपाटे घातले होते, भिंग लावून वाळवीतली अक्षरं वाचली होती. माझं खोटं नाही! आठवडाभर मी हट्टाला पेटून बसलो. ओम माझ्याशी बोलेना. शेवटी जयमाला आली.

“तात्या, तुमचं पुस्तक खरं ठरलं, तर आमी समदी खोटी ठरतो. आता तुमीच सांगा काय खरं करायचं ते.”

मी सही केली. माझी सही चांगली आहे, वळणदार. त्या दिवशीही तशीच आली.

चौकशीला दक्षता पथकाचा माणूस वस्तीवर येणार होता. त्याआधी आम्ही देवळाच्या छपरावरचा क्रूस उतरवला. शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, प्रती आणि गाण्यांची पुस्तकं पोत्यात भरली, रजिस्टर माझ्या घरी ज्वारीच्या कणगीत तळाला घातलं. भिंतींना चुना मारला, जुना फळा टांगला, त्यावर मी स्वतः बाराखडी लिहिली. मग ओढ्याकाठची आमची मूठमाती देण्याची जागा राहिली. तिथे लाकडी क्रूस होते, सिमेंटचे होते. ज्याने त्याने आपापल्या माणसाचा उपटायचा असं ठरलं. मनकर्णाच्या डोक्याशी होता तो मी उपटला. सिमेंटचा होता, सहज निघाला नाही. पहार लावावी लागली. मी तिला म्हणालो, कागदापुरतं आहे गं. आणि मग तिथे बसून रडलो, कारण मला स्वतःलाच ते पटलं नाही.

तो साहेब आला, सौम्य माणूस होता. रंगुबाई त्याला बघून सवयीने म्हणाली, “सलाम, सायेब.” राम राम नाही, जय भीम नाही, सलाम; आम्ही ख्रिस्ती माणसंच असं म्हणतो. साहेबाने तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि काही लिहिलं नाही.

“हा रूळ कशाला?” त्याने विचारलं.

“शाळेची घंटा,” मी म्हणालो.

चौकशी चालू असेपर्यंत उपासना बंद. उपासना चालवायला नगरहून येणाऱ्या पाळकसाहेबांना येऊ नका म्हणून कळवलं. त्या वर्षी नाताळ दारं लावून झाला. मार्चमध्ये रामभाऊ गेला. रंगुबाई बोल्ट घेऊन माझ्या दारात आली, “मास्तर, किती?” मी आकडा सांगायच्या आत जयमाला मागून म्हणाली, “न्हाई वाजवायची. गावात ऐकू जातंय.” तिचा स्वतःचा बाप घरात पडला होता. त्याचे एकाहत्तर ठोके तसेच राहिले.

जुलैमध्ये सुनावणी झाली. समितीच्या साहेबांनी स्मरणिका माझ्यापुढे धरली.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“एवढ्या तारखा कुठून आणल्या?”

“मनाने लिहिल्या.”

“बाप्तिस्म्याचं रजिस्टर आहे, असं प्रस्तावनेत म्हटलंय.”

“तसं रजिस्टर नाही. पुस्तकाला वजन यावं म्हणून लिहिलं.”

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. एक शिक्षक असं करतो, याची त्यांना किळस आली असावी. चौतीस वर्षं मी पोरांना ‘मनाचं लिहू नका’ म्हणून छड्या मारल्या. कल्याणराव मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होते. रागावलेले दिसत नव्हते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दाखला वैध ठरला. वस्तीत पेढे वाटले. ओम नाशिकला ट्रेनिंगला गेला, जाताना पाया पडला. आता येत्या रविवारी क्रूस परत चढवायचा, असं पंच म्हणू लागले. वकील म्हणाले, इतक्यात नको, थोडं थांबा. आम्ही थांबलो. तेवढ्यात कल्याणरावांचा अर्ज तहसीलला लागला. अर्जाला दोन कागद जोडले होते. आमच्या एकोणीस घरांची शपथपत्रं, आणि माझ्या पुस्तकाचं चौदावं पान.

उपासना बंद पडल्यास जागा आमच्या वंशजांकडे परत यावी. उपासना होत नाही, असं आम्हीच शपथेवर सांगितलं होतं. माळावरून आता दुपदरी रस्ता जातो. तिथे गाळे काढायचा त्यांचा विचार होता. पुस्तकातला मजकूर काल्पनिक, पण मूळ मोडी कागद तर नगरच्या दप्तरात खराच होता, आणि तो शोधायचा कुठे हेही मीच तळटीपेत दिलं होतं. दाखला गेला असता तर त्यांना खुर्ची मिळाली असती. राहिला, तर जागा मिळाली. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणून ठेवलेले.

बाजारात भेटले तेव्हा आपण होऊन थांबले. “मास्तर, राग नका धरू. तुमचं पुस्तक लई उपयोगी पडलं बघा. एक पान न्हाई चाललं, दुसरं चाललं.”

वकील म्हणाले, लढता येईल, पण देऊळ आहे म्हणायचं तर आधी शपथपत्रं खोटी होती म्हणावं लागेल. मग दाखले गेले, नोकऱ्या गेल्या, वर खोट्या शपथेचा गुन्हा. पंचांनी अर्जाला हरकत घेतली नाही. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

तहसीलचा निकाल कल्याणरावांच्या बाजूने आल्यावर ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद बदलायची होती, आणि त्या ठरावावर सही सरपंचाची लागते. जयमाला तो कागद घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आली. तीच ओट्यावरची जागा.

“ग्रामसेवक म्हनला, सही करा. न्हाई केली, तर का न्हाई केली ते लिवून द्यावं लागंल,” ती म्हणाली. “काय लिवू, तात्या?”

“काही लिहू नकोस.”

“माझ्या बापाचा त्या देवळात बाप्तिस्मा झाला. माझा बी झाला.”

“माहीत आहे.”

“तुमाला तारीख बी माहीत आसंल.”

होती.

“राजीनामा देते,” ती म्हणाली.

“दिलास तर दुसरा कुणी सही करील. देऊळ जायचं ते जाईलच, नळपण जाईल. कर सही.”

मी हे सांगितलं. हे मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. तिने माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनाने सही केली आणि कागद उलटा करून ठेवला.

१० जून २०२५, मंगळवार. सकाळी साडेनऊला जेसीबी आला. सोबत पंचनामा लिहायला मंडल अधिकारी, दोन पोलीस, आणि कल्याणराव. बहुतेक वस्ती दारं लावून आत बसली होती. जयमाला आली नाही. तिने यावं असं मलाही वाटत नव्हतं. मी का गेलो? मोजायची सवय, दुसरं काही नाही.

जेसीबीवाल्याने दात खाली घेतले तेवढ्यात रंगुबाई आली. धुवट लुगडं, हातात बोल्ट. कुणाकडे न बघता निंबाखाली गेली. अधिकारी म्हणाले, “बाई, बाजूला व्हा.” ती म्हणाली, “आमच्यातलं मानूस चाललंय, सायेब. वाजवून झाल्यावर काय करायचं ते करा.” अधिकाऱ्यांनी हात वर करून जेसीबीवाल्याला थांबवलं. मग ती माझ्याकडे वळली.

“मास्तर, किती?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अधिकाऱ्यांचं पेन पंचनाम्यावर थांबलं. त्यात ‘जुनी शाळेची इमारत’ असं लिहिलेलं मला वरून दिसत होतं. कल्याणरावांनी मोबाईल माझ्याकडे धरला होता, त्याचा लाल ठिपका चालू होता. पहिली उपासना ६ फेब्रुवारी १८९८, रविवार. एकशे सत्तावीस वर्षं, चार महिने, चार दिवस. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं.

“मला ठाऊक नाही, रंगुबाई,” मी म्हणालो.

तिला वाटलं मी ऐकलं नाही. जवळ आली. “देवळाचं वय इचारते मी. तुमी तर बुकात लिवलंय.”

“ते खोटं आहे. इथे देऊळ नव्हतंच.”

तिने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती परत निंबाखाली गेली आणि वाजवायला लागली. विसापर्यंत तिचे ओठ हलत होते, मग ते हलायचे थांबले. बंद दारांच्या फटीतून माणसं बघत होती. मी जागेवर उभा राहून मनात मोजत होतो. पन्नासनंतर तिचा दम लागला, ठोक्यांत अंतर पडायला लागलं. सत्तरला तिने हात बदलला. त्र्याऐंशीला बोल्ट हातातून खाली पडला. तो उचलायला ती वाकली, पण तिला सरळ होता येईना. तिने वाकूनच मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पुरे झाले का, असं विचारत.

एक शब्द बोलायचा होता मला. कल्याणरावांचा मोबाईल अजून माझ्यावरच रोखलेला होता. मी मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी खूण केली आणि जेसीबी पुढे गेला.

चव्वेचाळीस ठोके कमी पडले. आमच्या देवळाची ती चव्वेचाळीस वर्षं मी खाल्ली.